ॲडजस्टभाऊंच्या उजवीकडची जागा

मुलांनो, ॲडजस्टभाऊ गाडी चालवत तेव्हा त्यांच्या उजवीकडेही एक सवारी बसलेली असे. ड्रायव्हर आणि दार यांच्यामध्ये! तुम्ही तिकडे परदेशात गाडीत माणसागणिक वेगळा पट्टा बांधता, म्हणून तुम्हाला पटायचं नाही. पण मी आमगावला शाळेत इंग्रजी शिकवायला जात असे, तेव्हा गोंदियाहून सुटणारी त्यांची काळी-पिवळी जीप रोज अशीच धावे.

त्यांचं इंग्रजी एका शब्दाचं. "जराशे ॲडजस्ट करा" म्हटलं की सरकायचं. ब्रेक लागेनासा झाला की तो ॲडजस्ट करायचा. डब्यातली भाजी खारट झाली तर पाणी ओतून तीही ॲडजस्ट. चौकातल्या शिपायालाही ते ॲडजस्ट करत. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

"मॅडम, तुमच्या पुस्तकात याचा अर्थ काय हाय?" त्यांनीच एकदा विचारलं. मी नीट सांगितलं, "जुळवून घेणे."

"म्हंजे सारे बसते," असं म्हणून त्यांनी माझ्या पायांशी कोंबड्यांची टोपली सरकवली.

त्यांची सुजाता नागपूरला नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष उरलं असताना तिला स्थळ आलं. भाऊंच्या फुलचूरच्या घरी पाहुणे आले. भाऊंनी मलाही बोलावलं होतं, घरात एक तरी इंग्रजी बोलणारं माणूस दिसावं म्हणून. पोहे संपवून मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पसंद हाय. शिक्षण तेवढं सोडा लागन. थोडं ॲडजस्ट करून घ्या."

सुजाताने वडिलांकडे पाहिलं. भाऊ एवढंच म्हणाले, "चला, स्टेशनवर सोडून देतो."

मीही मागे बसले. भाऊंनी मुलाच्या वडिलांना मानाने पुढे नेलं आणि आपल्या उजवीकडे बसवलं. मग रस्त्यात हात दिसेल तिथे गाडी थांबू लागली. बाजाराच्या बाया चढल्या, एक सायकल चढली, शेवटी एक बोकड आला. त्याला जागा उरली ती पाहुण्यांच्या मांडीवर.

"पाहुणे, जराशे ॲडजस्ट करा."

"अहो, जागा कुठं हाय? अर्धा बाहेर लटकून राहिलो मी!"

भाऊंनी शांतपणे गिअर टाकला. "मंग माझ्या पोरीले काऊन म्हणता?"

पुढे स्टेशनपर्यंत फक्त बोकड बोलला.

ते स्थळ मोडलं. सुजाता नर्स झाली.

भाऊंच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेले. सुजाताच्याच वॉर्डात होते. शेजारच्या पेशंटची म्हातारी आई त्यांच्या पायथ्याशी बसून भात खात होती. "जयभीम, मॅडम," भाऊ म्हणाले, आणि सलाइनचा हात सांभाळत बाजूला सरकले. "बसा."

"बाबा, बेड एकालेच असते!" सुजाता ओरडली.

"होते ना व ॲडजस्ट," ते म्हणाले.

मी बसले. त्यांच्या उजवीकडे.