उजव्या हातातला बेडूक

ह्यांचा उजवा हात लुळा पडला तेव्हापासून देवापुढे हात जोडणं मी सोडून दिलं होतं. पण महालक्ष्म्या बसायच्याच होत्या, आणि आमच्या घरी त्यांना कमळ लागतं. म्हणून नांदेडहून मुदखेडजवळच्या सासरच्या गावी गेले, भक्तीने नव्हे, सासूबाईंच्या शब्दाखातर. देवी, तुझी फुलं घे आणि आमचा पिच्छा सोड, असंच मनात होतं.

धाकटे भाऊजी आणि मी तळ्यावर पोहोचलो तेव्हा गावात लाइट नव्हती. भाऊजी फुलं बांधायला सुतळी शोधत बांधावर थांबले. मी साडी खोचून कमळं तोडायला पाण्याकडे निघाले, तोच दगडांच्या कपारीत बेडूक दिसला. म्हशीच्या खुराखाली आला असावा. एका बाजूचा मागचा पाय पार चेचला होता, तरी अंग ओढत पाण्याकडे चालला होता. मला घरी पलंगावर पडलेले हे आठवले. "चल बाबा, तुला तरी पोहोचवते," म्हणत उजव्या हातात उचललं आणि काठावरच्या कोरड्या दगडावरून वरच्यावर अलगद पाण्यात सोडलं.

तो पोहलाच नाही. पाण्याला लागताच सगळं अंग काठीसारखं ताठ झालं, थरथरलं आणि उलटं झालं. पांढरं पोट वर. मी वाकून बघतच राहिले. त्याच्या मागोमाग पाण्यात टाकायला उचललेला माझा पाय तसाच अधांतरी होता.

"वैनी, मागं सरा! पाण्यात करंट हाय!"

लाइट आली होती, तळ्यातली मोटार आपोआप सुरू झाली होती आणि तिची पाण्यातली वायर सोललेली होती. भाऊजींनी पळत जाऊन मोटार बंद केली. परत येऊन म्हणाले, "तुमाला काय झालं असतं तर दादाला कोण बघितलं असतं वो?"

सगळे म्हणतात, देवीनेच राखलं. राखलंच. पण मी माया करून त्याला सोडलं आणि माझ्या जागी तो गेला, हे काय झालं ते अजून मला उमगत नाही. सगळं उमगलंच पाहिजे हा माझा हट्ट मात्र तिथेच, त्या दगडावर गळून पडला.

संध्याकाळी महालक्ष्म्या कमळाविनाच बसल्या. आरतीला ह्यांचा डावा हात एकटाच वर उठला. मी शेजारी बसले आणि माझा उजवा हात, तोच, त्याला जोडला. आई, मला काही मागायचं नाही. तेवढं त्या तळ्यातल्या लेकराला पदरात घे.