काठीला लागलंय

दहावी करून शाळा सोडली, भरती झालो, आणि पहिलीच पोस्टिंग सीमेवरच्या एका डोंगरउतारावर मिळाली. सॅपर म्हणून. काम एकच, जुने भूसुरुंग शोधून काढायचे. पावसाबर्फात ते मूळच्या जागेवरून सरकले होते, त्यामुळे नकाशावर भरवसा नव्हता.

प्रॉडर म्हणजे हातभर लांब टोकदार सळई. पालथं पडायचं, ती तिरकी, हळूच मातीत सरकवायची. दोन इंच पुढं, पुन्हा तेच. मला ते लवकर जमलं. गावी जतकडं मेंढ्या राखताना काठीच्या टोकाखाली मुरूम हाय का चिखल, हे माझ्या मनगटाला कळायचं. महिन्याभरात सळईचंही तसंच झालं. मुठीत काही आहे हेच विसरायचो. टोक खड्याला घासलं की तोंडातून निघायचं, "मला खडा लागला."

पोरं चिडवायची. "कुठं रं? हळद लावू का?"

आमचे उस्ताद हवालदार ढमाले, मुळशीतल्या चांद्याचे. ते प्रॉडरला काठीच म्हणायचे. ते हसायचे नाहीत. "तुला न्हाई, काठीला लागला. आन् लेनमधी एकच शबूद, ऑब्जेक्ट. दुसरं कायबी न्हाई."

त्या दिवशी सकाळी ७.४० ला मी लेनमध्ये शिरलो. मीटरभर रुंद वाट, दोन्ही बाजूंनी पांढरी टेप; टेपबाहेरची जमीन अजून तपासलेली नव्हती. पुढं लेन डावीकडं वळली होती. उस्ताद मागं वायरलेस सेटवर, त्यांच्याजवळ स्ट्रेचरवाले दोघं. वरून दोनदा धोंडे घरंगळत आले होते. मी मुळातच घाबरट. आजही वॉचमनच्या ड्यूटीवर गेटचं कुलूप तीनदा ओढून बघतो.

८.२५ ला टोक थांबलं. दगड खरखरतो. हे सपाट होतं, गुळगुळीत. सेटचं बटण दाबलं.

"मला लागलं."

मला धोंडा लागला असं स्ट्रेचरवाल्यांना वाटलं. लेन वळसा घेत होती, सरळ येणं जवळचं. पुढच्याचा बूट टेपबाहेर टाकायला उचललेला मी मान वळवून पाहिला. मी पुन्हा बटण दाबायच्या आत उस्ताद ओरडले.

"जागेवर! पाय मागं घे! त्याला न्हाई, काठीला लागलंय!"

बूट मागं गेला. मग सेटवर उस्तादांचा आवाज, एकदम हळू.

"रगत कुटं हाय का?"

"नाही, उस्ताद."

"मंग काय हाय?"

"ऑब्जेक्ट."

"हां. आता हात काढ."

दुसऱ्या दिवशी त्या सरळ वाटेत दोन माइन निघाल्या.

संध्याकाळी मला वाटलं, आता खरडपट्टी. उस्तादांनी स्वतःच्या मगातला चहा माझ्या मगात ओतला. "आज मी वळखलं. मी रजेवर असलो मंजी कोन सांगंल?"

दोन वर्षांनी दुसऱ्या एका लेनमध्ये उस्ताद पुढं होते, सेट माझ्या हातात होता. ११.१० ला स्फोट झाला. उस्ताद गेले. आम्ही चौघांनी त्यांना टेपच्या आतून आणलं. एकाचाही पाय बाहेर पडला नाही. त्यांनी शिकवलं होतं तसंच.

मी फौजेतून सुटल्यावर ढमाले वहिनींचा फोन आला. "भावजी, हितं कंपन्या लई हायेत, काम मिळंल. आमची एक खोली रिकामी हाय." तेव्हापासून चांद्यातच आहे. गाव लांब आहे, पण उपाशी कधी झोपलो नाही.

गेल्या महिन्यात अंगणातला नळाचा पाइप मातीखाली कुठं गेला ते सापडेना. मी सळई घेऊन पालथा पडलो. दोन इंच, पुन्हा दोन इंच. टोक थांबलं.

"वहिनी, मला लागलं."

वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमाला न्हाई भावजी, काठीला."

हे त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. उस्ताद रजेवर इथंच तर यायचे.

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "काठीला."