कोह यांची बाटली

रोज संध्याकाळी पब उघडण्याआधी सुलेखामावशी मागच्या फळीवरची एकेक बाटली मऊ फडक्यानं पुसायची आणि तिच्या गळ्यातली नावाची चिठ्ठी समोर वळवून ठेवायची. गिऱ्हाइकानं अख्खी बाटली विकत घ्यायची, हवी तेवढी प्यायची आणि उरलेली आपल्या नावानं पबातच ठेवून जायची, अशी तिथली रीत होती.

ईस्ट कोस्टच्या गल्लीतला तो पब काका गेल्यावर मावशीनं चालवायला घेतला, बँकेतली नोकरी सोडून. मंडळातल्या बायका त्याला ‘सुलेखाचा गुत्ता’ म्हणायच्या. मावशी हसून त्यांनाही या म्हणायची. मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटायचे, माझ्या मावशीचा पब आहे. एकादशीला तिथे साबुदाणा वडे असत. जहाजावरून निवृत्त झालेले मिस्टर कोह तर पुढची एकादशी कधी, हे माझ्या आईच्या आधी विचारायचे.

गेल्या वर्षी मालकानं जागा परत मागितली. एका हॉटेलवाल्यानं सगळा माल एकदम उचलायची तयारी दाखवली. मावशी त्या फळीपुढे उभी राहिली.

“एवढ्या नाही देता येणार. त्या माझ्या नाहीत.”

मग तिनं सगळ्यांना निरोप धाडले. लोक येऊन बाटल्या घेऊन गेले; काहींनी तिथेच बसून संपवल्या. कोह यांची तेवढी उरली. ते कित्येक दिवस फिरकले नव्हते, फोनही लागेना. किल्ली द्यायची वेळ आली तशी मावशी त्यांच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांवर, विचारत फिरली. कॉफीवाल्यानं सांगितलं, अर्धांगाचा झटका आला, आता जुरोंग ईस्टला नर्सिंग होममध्ये असतात.

आम्ही एमआरटीच्या मेट्रोनं गेलो, बाटली टॉवेलात गुंडाळून. कोह यांनी चालत्या हाताचं बोट चिठ्ठीवरून फिरवलं. पिणं बंदच होतं. शब्द जुळवत ते म्हणाले, तुझ्या फळीवरच राहू दे, मी येईन. फळी उरणार नाही, हे मावशीनं त्यांना सांगितलं नाही.

“ठेवते,” ती म्हणाली.

ती बाटली तिच्या फ्लॅटमधल्या काचेच्या कपाटात, गणपतीच्या चांदीच्या भांड्यांशेजारी उभी राहिली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी नाकं मुरडली. मावशीनं तिची जागा बदलली नाही. संध्याकाळी फडकं फिरायचंच.

या फेब्रुवारीत तिला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. शेवटच्या दुपारी मी डबा आवरत होते.

“घरी गेलीस की कोहची बाटली पूस गं,” ती म्हणाली. “आणि चिठ्ठी समोर ठेव.”