वरचा सा कोणी लावायचा?

आमचा गायनवर्ग एका भांडणातून सुरू झाला. वीसेक वर्षांपूर्वी देवळात भजनाला दोन बायका एकमेकींवर कुरघोडी करत ओरडत होत्या. मुंबईच्या शाळेतून निवृत्त होऊन काशीदजवळच्या आमच्या गावी परतलेल्या गाण्याच्या बाईंना ते ऐकवेना. "ओरडायचंच असेल तर सुरात ओरडा!" म्हणाल्या, आणि दर रविवारी सकाळी सभामंडपात शिकवायला बसल्या. त्या दोघींतली एक मी. दुसरी माझी शेजारीण, बाजारात सुकी मासळी विकणारी. तेव्हापासून बाईंनी आम्हाला मुद्दाम शेजारी उभं केलंय. हळूहळू चौदा जण झालो. भूप, यमन, दुर्गा शिकलो. महाशिवरात्रीला देवळात बंदिशी म्हणायचा रिवाज पडला.

गेल्या पावसाळ्यात माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "बोलाल व्यवस्थित. वरचे सूर मात्र येतीलच असं सांगत नाही." मी हादरलेच. नवरा गेल्यावर मला माणसांत ठेवलं ते या रविवारांनी.

दसऱ्यानंतर वर्गात परतले, तर भूपातल्या बंदिशीचा वरचा सा काही केल्या लागेना. मग लबाडी सुरू केली. तो आला की नुसतं तोंड उघडायचं. पेटी वाजतेय, तेरा जण गातायत, कोणाला कळतंय? पण मन खात होतं. महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी वर्ग सोडत असल्याची चिठ्ठी लिहिली आणि पर्समध्ये टाकली.

नेमकं त्याच दिवशी बाई म्हणाल्या, "वरच्या 'सा'वर मी पेटी थांबवणार. बघू तुमच्या जिवावर उभा राहतो का."

सा आला. बाईंनी हात उचलला. चौदा तोंडं आ वासलेली आणि आवाज एकाचाही नाही! बाहेर कावळा ओरडला, तेवढाच काय तो सूर.

शेजारणीला आधी हसू फुटलं. "बाई, गनपतीपासून मी न्हाय लावत तो. आता या वैनी परत आल्यात, त्या लावतात म्हनून गप उभी हाय."

"अगं, मी तुझ्या जिवावर उभी होते!" मी म्हटलं. मग एकेक जण कबूल होत गेला. प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच वय झालं.

"लबाड कुठले!" बाई कडाडल्या. स्वतः सा लावायला गेल्या, तर त्यांचाही आवाज फाटला. त्यांनी तडक कोपऱ्यातली जुनी पेटी ओढून काढली. भाता फाटला म्हणून गणपतीत तिच्या जागी नवी आणली होती. भाता कसाबसा दाबून धरत त्यांनी दोन्ही पेट्यांची काळी एक, आमची नेहमीची पट्टी, वाजवली. जुनी चांगली अर्धा सूर खाली! खारा वारा खाऊन ती उतरत गेली होती, आणि तिच्याबरोबर आम्हीही.

"माझाही कान समुद्रानं खाल्ला गं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे माझा गळा…" मी म्हटलं.

"गळ्याला काय धाड भरलीय? नव्या पेटीची पांढरी एक देते, तीच आपली जुनी काळी एक. तू एकटी लाव."

एकटी! डोळे मिटून लावला. जरासा कापला, पण लागला, आणि उभा राहिला. मग मात्र मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मेली लाजही वाटली नाही.

निघताना शेजारणीनं मूठभर सुका जवळा पुढे केला आणि बांधायला कागद मागितला. पर्समध्ये एकच होता.

"काय लिवलंय यात?" तिनं विचारलं.

"काही नाही गं. बांध."