छत्री टाकीवर नेली तेव्हा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलाही नाही. ऐकायला ती इतकी किरकोळ आहे, की तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलाय? बसलोय खरा.

आमचं घर मोशीत. शेतं गेली, इमारती आल्या, आणि माझे वडील — आबा — आमच्या आळीचे डिशवाले झाले. पगारी नव्हे, हौशी. कुणाच्याही गच्चीवरची डिशची छत्री हलली की आबांना बोलावणं यायचं. मेकॅनिक मोबाइलवर दिशा बघतात. आबा उन्हाकडे बघून छत्री धरायचे, मग बोटबोट सरकवायचे. खाली टीव्हीसमोर बसून कुणीतरी ओरडायचं — आलं, गेलं, आलं! चित्र लागलं की चहा. आणि काय रुबाब असायचा त्यांचा! पाना खिशात घालून असे निघायचे, जणू उपग्रह यांनीच वर सोडलाय. फार हसायचो मी. आता ते आठवलं की बरं वाटतं, आणि लगेच वाटेनासं होतं.

मग शेजारच्या इमारतीचे सात मजले चढले, आमची छत्री त्यांच्या आड आली आणि आमच्याच घरातलं चित्र गेलं. आबांनी छत्री उंचावर, जिन्यावरच्या पाण्याच्या टाकीवर नेली. सकाळची दहाची वेळ. मी चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलो होतो. टीव्हीसमोर मीच बसलो — घरात दुसरं कुणी नव्हतंच.

इथं जरा थांबतो.

आबांना दिवसभर टीव्ही लागायचा, आणि ऐकू कमी यायचं म्हणून मोठ्यानं लागायचा. मला दिवसा झोप हवी होती. एवढंच. वरून हाक आली, "आलं का रं?" चित्र आलं होतं. कुस्ती चालली होती, पैलवानाच्या पाठीवरची माती दिसत होती इतकं स्वच्छ. मी ओरडलो, "न्हाई, आबा!"

का? पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं, असं मी म्हणू शकेन. पण त्यांनी छत्री फिरवून फिरवून पुन्हा तिथंच आणली — आणखी दोनदा. ती दोन्ही "न्हाई" मी ठरवून म्हटली.

दीड तासानं ते खाली उतरले. बनियन घामानं भिजलेलं. म्हणाले, "हातातलं कसब गेलं रं माझ्या." मी आत जाऊन गाढ झोपलो. त्या झोपेची मला आजही लाज वाटते.

पंधरा दिवसांनी मेकॅनिक आला आणि पाच मिनिटांत चित्र लावून गेला. आबा अंगणात उभे राहून बघत होते. त्यानंतर आळीतून बोलावणं आलं की म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. मला न्हाई जमत आता." लोकांनी हळूहळू बोलावणं सोडलं.

एकदा ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "त्या दिशी येकदा बी आलं नव्हतं का रं?" रागानं नाही, संशयानंही नाही — जरा आशेनंच. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना?

"न्हाई, आबा," मी म्हणालो.

त्यानंतर चार वर्षं ते होते. रोज आम्ही समोरासमोर जेवायला बसत होतो.