नवरदेवाच्या सुरीची मूठ

माझ्या उजव्या हाताच्या मुठीने माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न एकदा मोडत आणलं होतं. मी कुणाला ठोसा मारला नव्हता. (मारला असता तर चाकूरमध्ये थोडंफार नाव तरी झालं असतं!) मी फक्त ओल्या मातीचा एक गोळा दाबला होता.

आमच्याकडे हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात सुरी असते, टोकाला लिंबू टोचलेली. ती खाली ठेवायची नाही. जेवताना नाही, झोपताना नाही, नाक खाजलं तरी नाही! दीड दिवस हातात वागवायची वस्तू, तेव्हा तिची मूठ हाताला बसायला हवी की नको? ही सुरी नवरीच्या मामाने द्यायची, असा आमच्या घरातला रिवाज. आणि आमच्या अक्काचे मामा म्हणजे देवणीचे गुरप्पामामा. पातं लोहाराकडून आणायचे, पण लाकडी मूठ स्वतः घडवायचे.

त्यांची पद्धत जगावेगळी होती. ज्याच्यासाठी मूठ करायची, त्याने तळ्यातल्या गाळाचा ओला गोळा मुठीत घट्ट दाबायचा. बोटांच्या खाचा, तळव्याचा फुगवटा, सगळं मातीत उतरायचं. ते बघून मामा शिसवी लाकडाला आकार द्यायचे. आणि जाता जाता तो माणूस कसा आहे हेही सांगायचे! ते खोटं ठरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. देवणीच्या बाजारात बैल घेणारे आधी बैलाचे दात बघत आणि मग विकणाऱ्याच्या मुठीचं मामांना विचारत, असं आई सांगायची. (आई माहेरचं सांगताना थोडं वाढवून सांगायची. पण थोडंच.)

त्या वर्षी लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पाऊस नुकताच बंद झाला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसावा, पण आमच्या वडिलांना, आप्पांना, तो दिसायचा. "उस्मानाबाद जिल्ह्यात होतो तवा पाऊस तरी पडायचा," असं ते दुकानात गूळ तोलताना गिऱ्हाइकांना ऐकवत. अक्काचे होणारे यजमान मन्मथराव लातूरच्या नव्या कचेरीत टँकरच्या टेबलावर होते. नव्या जिल्ह्यात टेबलं नवी, खुर्च्या नव्या, फक्त रजा मिळत नव्हती. म्हणून त्यांच्या मुठीचा ठसा आणायला मला पाठवलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. दुसऱ्यांदा.

मामांनी ओल्या फडक्यात बांधलेला गोळा आणि पाण्याची बाटली आधीच घरी आणून दिली होती. "फडकं वाळू देऊ नगंस. वाळलं की माती फुटती," ते म्हणाले होते. "आनि ह्या बाटलीतलं पानी मातीचं हाय, तुझं न्हाई. ध्यानात ठेव."

"मामा, बिलकूल फिकीर करू नका!" मी म्हणालो. (मी हे वाक्य ज्या ज्या वेळी बोललो, त्या त्या वेळी लोकांनी फिकीर करायला हवी होती.)

कचेरीत मन्मथरावांच्या टेबलाभोवती चार गावची माणसं उभी होती. त्यांनी लाजत लाजत गोळा दाबला, तेव्हा एक म्हातारे कळवळून म्हणाले, "सायब, पान्याचं बगा! माती आमच्याकडं लई हाय!"

ठसा घेऊन मी उदगीरच्या गाडीत बसलो. खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता. मी पुडीभर तिखट चिवडा खाल्ला. मग तहान लागली. मातीचं पाणी मातीला एक घोट, मला एक घोट, असा मी न्यायाने वागत होतो. नळेगावपर्यंत न्याय टिकला. पुढे सगळे घोट मलाच लागले.

उदगीरच्या स्टँडवर फडकं सोडलं, तर मन्मथरावांच्या मुठीचे पाच तुकडे! टपरीवाल्याकडे पाणी मागितलं, तर तो म्हणाला, "चहा घ्या. पानी नगा मागू, आमालाच न्हाई." मी चहा घेतला. पिण्यासाठी नव्हे. बाकाआड बसून ते पाच तुकडे चहात मळले, इकडेतिकडे बघितलं आणि गोळा स्वतःच्या मुठीत दाबला. मूठ ती मूठ, त्यात काय एवढं!

देवणीत मामांनी गोळा हातात घेतला आणि डोळे मिटले. अंगठा एकेका खाचेतून फिरवू लागले. मग त्यांचा चेहरा पडला.

"ह्या हाताला काम ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "अंगठा बग. जोर लावायच्या आधीच सोडायचा इचार करायलाय. आनि करंगळी! ती धरीतच न्हाई. नुसती सोबतीला आल्याली हाय."

मी माझी करंगळी हळूच खिशात घातली.

"मूठ वळताना ध्यान मातीत नव्हतं. इकडंतिकडं बगत व्हता. चोरावानी." मग त्यांनी गोळा नाकाशी नेला. "आनि चहा लई पितो."

देवळात कधी हात जोडायचे लक्षात राहिलं नाही, पण त्या क्षणी ते आपोआप जुळले.

"मामा, मग मूठ करणार नाही?"

"करनार की! मूठ मुठीसारखी व्हईल. पोरीचं मातर बघावं लागंल."

तिथेच खरं सांगायला हवं होतं. पण मामा कामाला बसले आणि मी बोलायचंच विसरलो. ते जमिनीवर बसून शिसवाचा तुकडा पायाच्या बोटांत धरत. ते लाकूड दोन वर्षं ज्वारीच्या कणगीत मुरत ठेवलेलं होतं. कानस चालायची ती इतकी हलकी की आवाजही यायचा नाही. आकार आला, तसं तापवलेल्या सुईने ठिपके दिले, बारीक खाचा कोरून त्यांत पितळेची तार ठोकून बसवली, आणि बघता बघता काळ्या लाकडावर बेलाची डहाळी उगवली. बाहेर झाडाला पान नव्हतं आणि या माणसाच्या पायात पालवी फुटत होती! शेवटी जवसाचं तेल तळहाताने चोळत राहिले, लाकडात खिडकी दिसेपर्यंत. मी दोन दिवस जागचा हललो नाही.

पातं बसवून झाल्यावर मामा पाणी प्यायला आत गेले आणि मी सुरी हळूच उचलली. माझ्या हातात ती अशी बसली, जशी माझी स्वतःची चप्पलही मला कधी बसली नाही. आळशी अंगठ्याला टेकायला जागा होती. करंगळीला विसाव्याला छोटा खळगा होता! माझे सगळे दोष त्या माणसाने ओळखले होते आणि एकेकाला प्रेमाने घर बांधून दिलं होतं. मला रडू यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याबरोबर चाकूरला आले आणि सुरी आप्पांपुढे ठेवून म्हणाले, "दाजी, सुरी झाली. पर पोरगी देऊ नगा."

आईने मटकन बसकण मारली. आप्पा म्हणाले, "गुरप्पा, पत्रिका वाटल्या की हो!"

"वाटल्या तर वाटल्या. मूठ खोटं बोलत न्हाई."

आणि नवल म्हणजे आप्पांनी ते मानलं! सरकारी हुकूम न मानणारे आमचे आप्पा मामांच्या मुठीपुढे नमले. संध्याकाळी रेणापूरला मन्मथरावांच्या वडिलांकडे नकार घेऊन जायचं ठरलं.

अक्का आत भाकरी थापत होती. मी पाणी प्यायला म्हणून गेलो, तर तिने मान वर न करता विचारलं, "राजू, तू तर बघितलास ना त्यांचा हात. तसाच हाय का रे?"

तिची भाकरी एका बाजूने करपत होती. अक्काची भाकरी करपलेली मी जन्मात बघितली नव्हती.

"अक्का," मी म्हणालो, "तो हात त्यांचा नव्हे. माझा हाय."

पुढचा अर्धा तास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातला बराचसा मी दुकानातल्या पोत्यांमागे काढला. आप्पा गुळाची ढेप घेऊन मागे लागले होते. मामांनी त्यांना धरलं.

"मातीनं बराबर सांगितलं," मामा म्हणाले. "पर हे मातीला कळलं न्हवतं. शेवटाला खरं बोलंल, हे."

पुढच्याच रविवारी मन्मथराव स्वतः आले. अंगणात सगळ्यांदेखत गोळा दाबला. मामांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "ह्यो धरलेलं सोडत न्हाई." आत तव्यावर भाकरी टम्म फुगल्याचं आईने नंतर सांगितलं. (थोडं वाढवून.) लग्नात मन्मथरावांनी त्या ठशावरून केलेली दुसरी सुरी अशी धरली, की अक्षता पडल्यावर काढून घ्यायला दोन माणसं लागली!

माझी सुरी मामांनी ठेवून घेतली होती. चार वर्षांनी माझं लग्न ठरलं, तेव्हा रिवाजाने सुरी नवरीच्या मामाने द्यायची होती, पण माझी आधीच तयार होती, म्हणून ठशाचा विषयच निघाला नाही. मामांनी ट्रंकेतून सुरी आणि त्या चहाच्या गोळ्याचे वाळके तुकडे काढले आणि माझ्या हातात देत कानाशी म्हणाले, "पोरीच्या बापाला सुरी दाव. माती दावू नगंस."

ती सुरी आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. बायकोच्या हाताला ती बसत नाही, त्यामुळे इतकी वर्षं घरातले सगळे कांदे मीच चिरतो. मूठ अजूनही हातात अशी बसते, की मामांच्या आठवणीने डोळे भरून येतात. (कांद्याचा भाग थोडाच!) आणि चार बोटं मन लावून काम करत असतात, तेव्हा करंगळी आपल्या खळग्यात निवांत पडलेली असते. ती आजही नुसती सोबतीला येते.