दहा मिनिटांचा संसार

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, गॅरेज आणि भंगाराच्या दुकानांच्या दाटीत एक लेथचं वर्कशॉप होतं. भिकाजी घाग तिथे सत्तावीस वर्षं टर्नर होता. पंपांचे शाफ्ट, ट्रकचे बुश, जहाजांवरून आलेले झिजलेले दांडे, जे येईल ते तो मशीनला लावायचा आणि केसाइतकाही फरक न ठेवता उतरवून द्यायचा. २००२च्या डिसेंबरात त्याला साठी पुरी होणार होती. व्हिसाही त्याच महिन्यात संपत होता.

मालकाला सगळे अरबाब म्हणत. त्याचा निरोप राजनने आणला. राजन केरळचा, पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं हे सगळं तोच बघे.

"भिकाजीभाई, अरबाब बोला, चाहिए तो एक साल और रिन्यू करेगा. हल्का काम, स्टोअर में बैठो. नहीं तो कॅन्सल. लेकिन सोच के बोलो हां. कॅन्सल हुआ तो खलास, इस उमर में दूसरा व्हिसा कौन देगा?"

त्याच्याच खोलीत राहणारा विलास खेडचा, वेल्डर. त्याने ऐकलं आणि हातातला टॉवेल झटकत म्हणाला, "काका, ह्यात सोचायचं काय? घर बांधलंत, पोरीचं लग्न केलंत. आता ओटीवर बसा पाय पसरून. काकी चहाचा कप हातात आणून देतील. आम्हाला तर अजून कर्जाचे हप्तेच सुटले नाहीत."

भिकाजी हसला. पण ओटीवर पाय पसरून बसायची त्याला धास्तीच वाटत होती, हे विलासला कसं सांगणार? पंचाहत्तर साली घर सोडल्यापासून साठ दिवसांपेक्षा जास्त तो घरी राहिलाच नव्हता. दर दोन वर्षांनी दोन महिने, अशा तेरा खेपा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, आणि बायकोसोबत एका छपराखाली काढलेले दिवस जमवले तर सगळे मिळून जेमतेम आठ वर्षं भरत होती.

बाकीचा संसार फोनवर झाला होता, आणि तोही दहा मिनिटांचा. शुक्रवारी सकाळी कामगारांच्या कॅम्पजवळच्या फोन बूथसमोर माणसांची रांग लागायची. नियम कुणी लिहिला नव्हता, पण सगळे पाळायचे. एका माणसाला दहा मिनिटं. कुणी लांबवलं की मागचा काचेवर नाणं वाजवायचा. गुहागरकडच्या त्याच्या वाडीत त्याची बायको गिरिजाही अर्धा मैल चालत दुकानातल्या फोनपाशी येऊन बसायची, तिच्याही मागे चार बायका ताटकळलेल्या. मग बोलायचं काय? तब्येत, पाऊस, पोरीची शाळा, कोण आजारी, कोण वारलं. रडायचं असेल तर ते घरी जाऊन. शेवटी ती म्हणायची, "बरं, ठेवते हं." पुढे शहाण्णव साली घरात फोन आला, रांग गेली, तरी दहा मिनिटं काही वाढली नाहीत. दोघांनाही त्यापुढे काय बोलायचं असतं ते ठाऊकच नव्हतं.

अरबाब तसा भला माणूस. त्यानेच तोड काढली. भिकाजीची रजा साठलेली होती. "तीन महिने जा, राहून बघ, मग सांग," म्हणाला. व्हिसा तोवर शाबूत होता.

तीन महिने ही गोष्ट भिकाजीने घरी मुद्दाम सांगितली नाही. गिरिजेचा चेहरा खुललेला बघायचा होता त्याला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो पोचला, पाय धुतले, आणि पाणी पिता पिता म्हणाला, "या खेपेला तीन महिने आहे हो मी."

"तीन?" गिरिजा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उतरलं. मग लगेच, "बरं झालं की," म्हणून ती आत गेली.

भिकाजीने ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

पहिला महिना नेहमीसारखाच गेला. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं, एखाद्या संध्याकाळी लेक समिधा नवऱ्याला घेऊन चिपळुणाहून आलेली. गिरिजा दिवसभर त्याच्या मागेपुढे. सवयीने पहाटे चारला उठून त्याने एकदा स्वतःचा चहा टाकला, तर तिने हातातलं पातेलंच काढून घेतलं. "मी काय मेले की काय? चार दिवस आलाय, तर बसा की स्वस्थ."

चार दिवस. भिकाजी ओटीवर जाऊन बसला.

एकदा जेवताना त्याचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. बोटांची टोकं काळपट, कातडी जागोजागी सोललेली. "हे काय गं?" तर म्हणाली, "जळणाची लाकडं." घरात तर गॅस होता. पण त्याने पुढे विचारलं नाही. फोनवर कधी एखाद्या गोष्टीच्या खोलात शिरलाच नव्हता तो, मग समोरासमोर तरी कसा शिरणार?

गणपती गेले. पाहुणे पांगले. त्यानंतरच्या एका संध्याकाळी दोघं ओटीवर बसली होती. पाऊस कमी झाला, नारळावर माकडं आली होती, शेजारच्या म्हशीला रेडा झाला, एवढं बोलून झालं. मग बोलणं आटलं. गिरिजा पदर सावरत उठली आणि म्हणाली, "बरं, ठेवते हं."

आणि थबकली.

भिकाजीने वर पाहिलं. आधी तिला हसू फुटलं, मग त्याला. तोंडावर पदर धरून ती हसत हसत आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भिकाजीचं हसू मात्र मध्येच विरलं. समोर घड्याळ नव्हतं, पण घड्याळ लावून बसले असते तरी दहाच मिनिटं भरली असती.

दोन महिने सरले त्या आठवड्यात अंगणात लतिका आली. वरच्या वाडीतली, पन्नाशीची, डोक्याला फडकं गुंडाळलेली. ओटीवरच्या भिकाजीकडे बघून तिने नमस्कार केला आणि सरळ आत हाक घातली, "गिरिजावहिनी, सोमवारपासून येताय ना? दोन महिने झाले म्हणून शेट विचारत होते. तुमच्या जागेवर दुसरी बसवू का म्हणाले."

गिरिजा दारात आली आणि तिने डोळे वटारले. लतिकेने एकदा भिकाजीकडे पाहिलं, जीभ चावली, आणि "येते हां मी," म्हणत पाय उचलला.

मग सगळं बाहेर आलं. गिरिजा गेली अडीच वर्षं काजूच्या फॅक्टरीत जात होती. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. बी फोडायची, गर सोलायचा. त्या तेलानेच बोटं तशी झाली होती. मागच्या खेपेला तो आला तेव्हा ती नुकती लागली होती, तेव्हाही तिने दोन महिन्यांची सुट्टी काढली होती. यंदाही दोनच महिन्यांची मागून ठेवली होती.

"म्हणजे मी रजेवर यायचो, तेव्हा तूही रजेवर?" भिकाजीने विचारलं.

गिरिजा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "मग? तुम्ही आल्यावर घर टाकून जाऊ?"

"पैसे कमी पडत होते? सांगायचंस."

"पैशाचं नाव काढू नका." ती एकदम तडकून बोलली. मग आवाज खाली आला. "समिधा सासरी गेली, सासूबाई गेल्या. मग घरात कोण? दुपारची मी कपाटाशी बोलायला लागले होते. खरंच सांगते. तिथे आम्ही बारा जणी आहोत. भांडतो, हसतो. लतिकेचं सुनेशी पटत नाही, ते रोज नवीन असतं. मला दुपार झालेली कळत नाही."

"मग मला बोलली का नाहीस?"

"फोनवर? दहा मिनिटांत? आणि लोक काय म्हणाले असते, नवरा दुबईत आणि बायको काजू सोलते?"

शारजाला गावात सगळे दुबईच म्हणत. भिकाजीने एरवी चूक सुधारली असती.

"जा सोमवारपासून," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी ती त्याचं जेवण झाकून गेली. दिवस किती लांब असतो हे भिकाजीला त्या दिवशी कळलं. शारजात शुक्रवार तेवढा लांब असे, बाकीचे दिवस मशीन खाऊन टाकी. तो परड्यात गेला, विहिरीत डोकावला, पुन्हा ओटीवर आला. रस्त्याने जाणाऱ्याने विचारलं, "काय भिकाजीशेट, कधी जाणार परत?" हा प्रश्न गावातल्या प्रत्येकाने तेरा खेपांत विचारला होता. राग यायचं खरं तर कारण नव्हतं.

दुपारनंतर मासेवाली आली. त्याने सुंगटं घेतली, साफ केली, नारळ खवला, वाटण वाटलं. पाचनंतर गिरिजा आली तेव्हा त्या कोळंबीची कढी उकळत होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत राहिली.

"हे कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? सत्तावीस वर्षं खोलीत पाळी असते. माझा मंगळवार."

"मला वाटलं, तुमची मेस असेल."

"कसली मेस?"

दोघं जेवायला बसली. गिरिजा दोनदा भात घेऊन जेवली आणि म्हणाली, "मीठ बरोबर आहे." आपल्याशिवाय दुसऱ्याच्या हातचं किती दिवसांनी जेवत होती, देव जाणे. भिकाजीला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण दिवसभर बसून तिची पाठ मोडली होती. भांडी घासली आणि आठ वाजायच्या आत ती झोपून गेली. भिकाजी ओटीवर एकटा बसला, शारजातल्या खोलीत बसायचा तसाच.

असे तीन आठवडे काढून, ऑक्टोबर संपता संपता तो शारजाला परतला. निघताना व्हिसाचं गिरिजेला सांगितलं होतं, ठरवलं मात्र काहीच नव्हतं.

विलासने बॅग उचलून घेतली. "काय काका, मग? रिन्यू का कॅन्सल?"

"बघू."

"तीन महिने काय बघितलंत मग?"

भिकाजीने बॅग उघडून कपडे खाटेवर काढायला घेतले. इथे राहिला तर स्टोअरमधली खुर्ची होती, सहा माणसांची खोली होती, आणि त्या सहांतले चार त्याला काका म्हणण्यापलीकडे ओळखत नव्हते. त्याच्या बरोबरीचे सगळे केव्हाच गेले होते. आणि तिकडे गेला तर? आठ ते पाच रिकामं घर. नाहीतर तिला घरी बसवायचं, आणि मग ती पुन्हा कपाटाशी बोलणार. तिचं ते कपाटाचं बोलणं मात्र त्याच्या मनातून जाईना.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी त्याने फोन लावला. तब्येत झाली, पाऊस गेल्याचं झालं. मग गिरिजाच म्हणाली, "मी ठरवलंय. तुम्ही कायमचे आलात की मी काम सोडते. शेटना सांगून ठेवलंय."

भिकाजीने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पाहुण्याला आपल्या पानातली शेवटची पोळी वाढावी तसं तिने ते म्हटलं होतं.

"सोडू नकोस."

"अहो, पण लोक..."

"लोकांना मी बघतो. सोडायचं नाही."

तिकडे तिने पाट ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मग तुम्ही दिवसभर एकटे पडाल," ती म्हणाली.

"ते येतं मला. सत्तावीस वर्षं तेच केलंय. पाच वाजता कुणी येणार असेल, तर तेवढंसं जड नाही जात."

"आल्यावर मी काही बोलत नाही फारसं. दमते."

"नको बोलूस."

शनिवारी सकाळी मशीन लावायच्या आधी तो राजनच्या टेबलापाशी गेला. पासपोर्ट पुढे ठेवला आणि म्हणाला, "कॅन्सल."

राजनने चष्म्यावरून पाहिलं. "पक्का? फिर मेरे को मत बोलना."

"पक्का."

"यल्ला, चलो, तिकिट देखता हूं." राजनने कॅलेंडर ओढलं. "दिसंबर की चौदा को हिसाब मिलेगा, उसके बाद... बुधवार का अच्छा है, खाली मिलेगा. गुरुवार को घर."

"नहीं. ऐसा देखो, इतवार को घर पहुंचूं."

"क्यों? मुहूरत है क्या?"

"नहीं," भिकाजी म्हणाला. "इतवार को फॅक्टरी बंद रहती है. बीच में गया, तो वो छुट्टी डालेगी."